एमसीए पदवीचे नियम : बराकपूर-बारासात रस्त्यावरून दिसणारे चित्र

(संदर्भ लेख)

बराकपूर (पश्चिम बंगाल) : ‘मास्टर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ म्हणजेच एमसीए ही संगणक उपयोजनाची पदव्युत्तर पदवी देशभर एकाच नावाने दिली जाते. तिला प्रवेश कोणाला, किती वर्षांत ती पूर्ण करायची, किती गुणांना कोणती श्रेणी मिळणार आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती परत मिळणार, हे प्रश्न मात्र एकाच संस्थेच्या अखत्यारीत येत नाहीत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, विद्यापीठ अनुदान आयोग, राज्याचे प्रवेश परीक्षा मंडळ आणि पदवी देणारे विद्यापीठ या चौघांचे नियम एकमेकांवर रचलेले असतात. त्यांतील कोणता नियम कोठे लागू होतो हे प्रवेशाच्या धांदलीत उलगडत नाही आणि जेव्हा उलगडते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पूर्व तीरावरील बराकपूर हे या गुंतागुंतीचे सोयीचे उदाहरण आहे. १८५७ साली मंगल पांडे यांनी जेथे बंड केले ते हे छावणीचे शहर आज उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात मोडते. शहरातील राष्ट्रगुरू सुरेंद्रनाथ महाविद्यालय १९५३ सालचे. पूर्वी ते कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न होते, आता बारासात येथील पश्चिम बंगाल राज्य विद्यापीठाशी आहे. बराकपूर-बारासात रस्त्याच्या परिसरात मौलाना अबुल कलाम आझाद तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न खासगी तंत्र महाविद्यालये आहेत. तेथेच राज्य कायद्याने स्थापन झालेली स्वामी विवेकानंद विद्यापीठ आणि ॲडमास विद्यापीठ ही खासगी विद्यापीठेही आहेत. थोडक्यात, काही किलोमीटरच्या पट्ट्यात राज्याचे संलग्नता देणारे सर्वसाधारण विद्यापीठ, राज्याचे तंत्रज्ञान विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ असे तिन्ही प्रकार आढळतात. लष्कर आणि हवाई दलातील बदल्यांमुळे येथे येणाऱ्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही असतात. मुलांनी पदवी एका राज्यात आणि पदव्युत्तर शिक्षण दुसऱ्या राज्यात घ्यावे लागणे त्यांना नवे नाही.

तीन वर्षांची पदवी दोन वर्षांची झाली

एमसीए हा मुळात तीन वर्षांचा, सहा सत्रांचा अभ्यासक्रम होता. १९८० च्या दशकात तो रुजला तेव्हा संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी घेतलेले विद्यार्थी फारसे नव्हते. गणित, भौतिकशास्त्र किंवा वाणिज्य घेऊन आलेल्या पदवीधराला पहिल्या वर्षी संगणकाचा पाया शिकवायचा आणि पुढील दोन वर्षांत प्रगत विषय, अशी त्याची आखणी होती. पुढे बीसीए आणि संगणकशास्त्रातील बीएस्सी या पदव्यांचा प्रसार झाला आणि तेच पहिले वर्ष हजारो विद्यार्थ्यांना पुनरावृत्तीचे वाटू लागले. काही वर्षे बीसीए उत्तीर्णांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश देण्याची वाट काढण्यात आली. अखेर २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कालावधी दोन वर्षांचा करण्यास मान्यता दिली आणि तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ च्या मान्यता नियमपुस्तिकेत त्याची अंमलबजावणी केली. त्यापूर्वी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्यांचा अभ्यासक्रम जुन्याच नियमांनी पूर्ण झाला.

या बदलाला महत्त्वाचा अपवाद आहे. ‘निमसेट’ या सामाईक परीक्षेद्वारे एमसीएला प्रवेश देणाऱ्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांपैकी अनेकांनी तीन वर्षांचा अभ्यासक्रम कायम ठेवला. पूर्व भारतातील जमशेदपूरची संस्था त्यांत आहे. त्यामुळे एकाच वर्षी पदवीधर झालेले दोन मित्र, एक बराकपूरच्या महाविद्यालयात आणि दुसरा राष्ट्रीय संस्थेत, एकाच नावाची पदवी वर्षभराच्या अंतराने मिळवतात. राष्ट्रीय संस्थांची प्रतिष्ठा आणि नोकरीच्या संधी पाहता हे जादा वर्ष बहुतेकांना जड वाटत नाही. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने मात्र हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

पात्रता : दार उघडे, उंबरठा उंच

तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषानुसार बीसीए, संगणकशास्त्रातील अभियांत्रिकी पदवी किंवा समकक्ष पदवी असलेले विद्यार्थी एमसीएला पात्र ठरतात. बीएस्सी, बीकॉम किंवा बीए झालेल्यांनाही प्रवेश मिळू शकतो. अट अशी की बारावीला किंवा पदवीला गणित हा विषय असला पाहिजे. पदवी परीक्षेत किमान ५० टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गासाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्यांनी विद्यापीठाने ठरवलेला पूरक अभ्यासक्रम, म्हणजे ब्रिज कोर्स, पूर्ण करायचा असतो.

यातील ‘विद्यापीठाने ठरवलेला’ हे दोन शब्द कळीचे आहेत. पूर्वी जे काम अख्खे पहिले वर्ष करत असे, ते आता ब्रिज कोर्सने करायचे आहे. तो कसा घ्यायचा, त्याची परीक्षा कशी असावी, त्याचे गुण श्रेणीत धरायचे की नाही, हे ज्या त्या विद्यापीठावर सोपवलेले आहे. एखाद्या वाणिज्य पदवीधराने प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला विचारण्याजोगा सर्वांत उपयुक्त प्रश्न हाच आहे आणि तो क्वचितच विचारला जातो. तीन वर्षांतील एक वर्ष कमी करताना ज्या विद्यार्थ्यांसाठी ते वर्ष होते त्यांचे काय, याचे उत्तर नियमांत पुरेसे स्पष्टपणे दिलेले नाही, असे म्हणावे लागते.

पश्चिम बंगालमध्ये हा पेच आणखी एका कारणाने तीव्र होतो. राज्यातील एमसीएच्या जागांसाठी पश्चिम बंगाल संयुक्त प्रवेश परीक्षा मंडळ ‘जेका’ ही परीक्षा घेते; जादवपूर विद्यापीठापासून तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांपर्यंतचे प्रवेश तिच्या गुणानुक्रमाने होतात. दोन तासांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी ८० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे असून चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. उरलेले २० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे; त्यांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, पण गुण वजा होत नाहीत. हे प्रश्न सी भाषेतील प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, संगणक नेटवर्क, डेटाबेस, सॉफ्टवेअर अभियांत्रिकी आणि मशीन लर्निंग अशा विषयांवर असतात. म्हणजे पात्रतेच्या नियमाने गणित घेतलेल्या बीए किंवा बीकॉम विद्यार्थ्याला दार उघडे आहे; परीक्षा मात्र बीसीएच्या अभ्यासक्रमावर बेतलेली आहे.

महाराष्ट्राची पद्धत याच्या उलट म्हणता येईल. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या एमसीए सीईटीत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात आणि त्यांचा मोठा भार गणित-सांख्यिकी व तार्किक क्षमता यांवर असतो. या दोन घटकांचे प्रत्येकी ३० प्रश्न, इंग्रजी आकलन आणि संगणक संकल्पना यांचे प्रत्येकी २०. पुण्यातील बीकॉम पदवीधर या परीक्षेची तयारी स्वबळावर करू शकतो. तोच पदवीधर वडिलांच्या बदलीमुळे बराकपूरला आला आणि जेकाला बसला, तर त्याला तीन वर्षांचे संगणकशास्त्र काही महिन्यांत वाचून काढावे लागेल. निमसेटचा कलही गणिताकडेच आहे. तेथे १२० प्रश्नांपैकी ५० गणिताचे असून गुणांचा सर्वाधिक भार त्यांनाच आहे.

मान्यता कोणाची, पदवी कोणाची

बराकपूर-बारासात रस्त्यावरच्या दोन संस्थांपैकी एक तंत्रज्ञान विद्यापीठाचे संलग्न महाविद्यालय असेल आणि दुसरी खासगी विद्यापीठ असेल, तर बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे.

संलग्न महाविद्यालय स्वतः पदवी देऊ शकत नाही. पदवी विद्यापीठाची, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, सत्रान्त परीक्षाही विद्यापीठाची. शिवाय अशा महाविद्यालयाला एमसीए चालवण्यासाठी तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि तिची मुदतवाढ आवश्यक असते. हा अधिकार न्यायालयात तपासला गेलेला आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी महाविद्यालयांच्या व्यवस्थापन संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना एमबीए हे तंत्रशिक्षण नाही, एमसीए मात्र तंत्रशिक्षण आहे, असे म्हटले. त्याच वेळी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांवर परिषदेचा थेट अधिकार चालत नाही, असाही निष्कर्ष काढला. त्याने मान्यतेची घडीच विस्कटण्याची वेळ आली. पुढच्याच वर्षी न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने परिषदेला मान्यता देण्याचे काम सुरू ठेवण्यास परवानगी मिळाली आणि ती व्यवस्था चालत राहिली.

खासगी विद्यापीठाचे तसे नाही. विद्यापीठाला नवा तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी परिषदेची पूर्वपरवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केले. अर्थात दर्जाचे निकष पाळण्याच्या जबाबदारीतून विद्यापीठ त्यामुळे सुटत नाही. खासगी विद्यापीठ आपली प्रवेश परीक्षा स्वतः घेऊ शकते, परिनियम आणि अध्यादेश स्वतः करते, उत्तरपत्रिका स्वतः तपासते. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००३ च्या विनियमांनुसार ते एकात्म स्वरूपाचे असले पाहिजे. दुसऱ्या महाविद्यालयांना संलग्नता देण्याचा अधिकार त्याला नाही. ‘आमचे केंद्र अमुक खासगी विद्यापीठाशी संलग्न आहे’ असे कोणी सांगत असेल, तर ते विधान तेथेच थांबवून तपासावे. छत्तीसगडमध्ये एकाच कायद्याखाली उभ्या राहिलेल्या असंख्य खासगी विद्यापीठांची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर रद्द केली होती. तेव्हा भरडले गेले ते प्रवेश घेऊन बसलेले विद्यार्थी.

२०२४-२५ पासून बीसीएदेखील तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षी बीसीए-बीबीएसाठी प्रथमच सामाईक प्रवेश परीक्षा घेतली गेली आणि त्यावरून झालेला गोंधळ वाचकांच्या स्मरणात असेल. एमसीएच्या दृष्टीने या निर्णयाचा परिणाम असा की आता पदवी आणि पदव्युत्तर हे दोन्ही टप्पे एकाच नियामकाकडे आहेत.

गुण, श्रेणी आणि पाऊण गुणाचा प्रश्न

तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पद्धतीत लेखी विषयाचे ७० गुण सत्रान्त परीक्षेला आणि ३० गुण अंतर्गत मूल्यमापनाला असतात. श्रेणी दहा गुणांच्या मापावर दिली जाते: ९० आणि त्याहून अधिक गुणांना ‘ओ’, ८० च्या पुढे ‘ई’, ७० च्या पुढे ‘ए’, याप्रमाणे ४० पर्यंत, त्याखाली अनुत्तीर्ण. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला यात ‘ई’ ही श्रेणी चकवते. आपल्याकडे ती तळाची वाटते, येथे ती वरून दुसरी आहे.

खरी अडचण श्रेणीगुणांचे टक्क्यांत रूपांतर करताना येते. या विद्यापीठाचे अनेक वर्षांचे सूत्र असे आहे : सरासरी श्रेणीगुणांतून ०.७५ वजा करायचे आणि उरलेल्या संख्येला दहाने गुणायचे. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यातही हेच प्रमाण आहे, ६.७५ श्रेणीगुण म्हणजे ६० टक्के, ७.२५ म्हणजे ६५. म्हणजे ‘६.५ म्हणजे ६५ टक्के’ हा सर्रास केला जाणारा हिशेब येथे साडेसात टक्क्यांनी चुकतो. ६.५ चे खरे रूपांतर ५७.५ टक्के होते. पदवीला ५० टक्क्यांची अट पूर्ण करण्यासाठी या सूत्राने ५.७५ श्रेणीगुण लागतात, ५ नव्हे. निमसेटची अट ६० टक्के किंवा ६.५ श्रेणीगुण अशी दुहेरी आहे. तेथे श्रेणीगुणांचा पर्याय धरला तर विद्यार्थी पात्र, टक्के धरले तर अपात्र, असा विचित्र प्रसंग उद्भवू शकतो. अर्जात टक्केवारी भरताना स्वतःच गुणाकार न करता विद्यापीठाचे रूपांतर प्रमाणपत्र घ्यावे, कारण नोकरीच्या वेळी कागदपत्रांच्या पडताळणीत हाच आकडा तपासला जातो.

पदवी पूर्ण करण्याच्या मुदतीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अभ्यासक्रमाचा विहित कालावधी अधिक दोन वर्षे ही सर्वसाधारण मर्यादा. अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष. दोन वर्षांच्या एमसीएसाठी याचा अर्थ चार वर्षे आणि फार तर पाच. विषय राहिलेले असताना नोकरी मिळाली म्हणून रुजू होणारे आणि ‘पुढे कधीतरी देऊ’ म्हणणारे विद्यार्थी या मर्यादेत सापडतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता तेव्हा हीच मर्यादा पाच वर्षांची होती. कालावधी घटला तशी ही मुदतही घटली, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

एक वर्षाची पदव्युत्तर पदवी?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एका वर्षात पदव्युत्तर पदवी देण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या श्रेयांक आराखड्यात केली आहे. चार वर्षांचे बीसीए करणाऱ्यांचा प्रश्न साहजिकच असा की एमसीएही एका वर्षात होईल काय. आराखडा सर्व पदव्युत्तर पदव्यांसाठी आहे, पण तांत्रिक अभ्यासक्रमांचा कालावधी तंत्रशिक्षण परिषद ठरवते. परिषदेच्या नियमपुस्तिकेत आणि विद्यापीठाच्या अध्यादेशात तसे लिहिलेले दिसल्याखेरीज केवळ जाहिरातीवर विसंबून एक वर्षाच्या एमसीएला प्रवेश घेऊ नये.

नोकरी करणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे दूरस्थ एमसीए आहे. तेही आता दोन वर्षांचे असून ते पूर्ण करण्यासाठी कमाल चार वर्षे मिळतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची, त्या अभ्यासक्रमासाठीची मान्यता यादी हाच एकमेव भरवशाचा आधार आहे.

शुल्क परत मिळते, मूळ कागदपत्रेही

प्रवेशाच्या मोसमात विद्यार्थी एका ठिकाणी जागा धरून ठेवतो आणि दुसरीकडे चांगली संधी मिळाली की पहिली सोडतो. अशा वेळी शुल्काचे काय, यावर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश सोडल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त पाच टक्के, तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत, कापता येतात. अंतिम तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असताना ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यानंतर ३० दिवसांपर्यंत ५० टक्के परतावा मिळतो. त्यापुढे काही नाही. विद्यार्थ्याची मूळ गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत द्यावीत, ती अडकवून ठेवू नयेत, हेही त्यात नमूद आहे. ‘मूळ कागद जमा केल्याशिवाय प्रवेश निश्चित होणार नाही’ असे सांगणाऱ्या संस्थेकडे ही मागणी लेखी मागावी.

बाहेरच्या राज्यातून आलेल्याने आपल्या आधीच्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत आणले नाही, तर नव्या विद्यापीठातील नोंदणी रखडते आणि नोंदणीअभावी पहिल्या सत्राच्या परीक्षेचा अर्ज अडतो. मुंबई किंवा पुण्याहून हे प्रमाणपत्र मागवायला लागणारा वेळ धरूनच प्रवेश घ्यावा.

जातीचा दाखला राज्याची सीमा ओलांडत नाही

बदलीमुळे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना सर्वाधिक महागात पडणारा नियम विद्यापीठाचा नाही, राज्यघटनेतला आहे. अनुच्छेद ३४१ आणि ३४२ नुसार अनुसूचित जाती-जमातींची यादी राज्यनिहाय असते. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या गेलेल्या कुटुंबातील मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याने वडिलांच्या नोकरीमुळे महाराष्ट्रात आल्यावर मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश मागितला होता. मूळ राज्यातील दर्जा दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी आपोआप चालत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली दिला आणि २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तोच कायम ठेवला. मुंबईच्या महाविद्यालयावरून ठरलेला हा नियम आता बराकपूरला आलेल्या मराठी विद्यार्थ्याला लागू होतो : महाराष्ट्रातील जातीच्या दाखल्यावर पश्चिम बंगालच्या राज्य कोट्यातील राखीव जागा मिळत नाही, जेकाच्या गुणवत्ता यादीत त्याची गणना खुल्या प्रवर्गात होते. इतर मागासवर्गाच्या बाबतीत तर राज्याची यादीच वादात आहे. कलकत्ता उच्च न्यायालयाने २२ मे २०२४ रोजी २०१० नंतर दिलेली बहुसंख्य प्रमाणपत्रे रद्द ठरवली, आणि या वादातून अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा २०२५ चा निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत लांबला.

केंद्रीय संस्थांत स्थिती वेगळी आहे. निमसेटसाठी महाराष्ट्रातील अनुसूचित जाती-जमातीचा दाखला देशभर ग्राह्य असतो. इतर मागासवर्गीयांना केंद्राच्या यादीतील जात आणि उन्नत गटात नसल्याचे चालू आर्थिक वर्षाचे प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अर्ज मात्र आपल्या मूळ राज्याकडेच करायचा असतो, शिक्षण पश्चिम बंगालमध्ये चालू असले तरी. त्यासाठी महाराष्ट्राच्या अधिवासाचा दाखला जपून ठेवावा लागतो, आणि बंगालमधील वास्तव्याचा दाखला काढण्यापूर्वी या दोहोंपैकी कोणता अधिक उपयोगाचा आहे हे कुटुंबाला ठरवावे लागते.